फेडोरा संथ आहे का? इन्स्टॉलर आणि डीएनएफचा वेग मोजण्याची आणि वाढवण्याची रीत

फेडोरा या लिनक्स प्रणालीचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकायला मिळतात. इन्स्टॉलर डोकं फिरवतो, आणि डीएनएफ, म्हणजे पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बसवणारा प्रोग्राम, रांगत चालतो. दोन्ही मतं हवेतून आलेली नाहीत, पण त्यांतली बरीचशी आता शिळी झाली आहेत. उरलेल्या मतांत 'संथ' या एकाच शब्दाखाली निदान चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात: रेपोची (पॅकेजांच्या ऑनलाइन भांडाराची) यादी उतरवायला लागणारा वेळ, कोणतं पॅकेज कशावर अवलंबून आहे ते सोडवायला लागणारा वेळ, पॅकेजं डाउनलोड व्हायला लागणारा वेळ आणि ती डिस्कवर बसायला लागणारा वेळ. यांतलं नेमकं काय रेंगाळतंय ते न तपासता सेटिंगं बदलत सुटणं म्हणजे ताप कशामुळे आलाय ते न बघता गोळ्या घेणं.

म्हणून या लेखात आधी मोजायचं आणि मग हात लावायचा, असा क्रम ठेवला आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची.

पायरी १: मत कोणत्या आवृत्तीबद्दल आहे ते बघा

फेडोराच्या इन्स्टॉलरचं नाव ॲनाकोंडा. त्याची बदनामी मुख्यतः जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या फेडोरा १८ पासून सुरू झाली. त्याआधी इन्स्टॉलर 'पुढे, पुढे' करत सरळ रेषेत जायचा. १८ मध्ये मधोमध एक मुख्य पडदा आला आणि त्यावरून भाषा, डिस्क, नेटवर्क अशा वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन परत यायचं, अशी रचना झाली. काम संपल्यावर दाबायचं बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात. लोक ते उजवीकडे खाली शोधत राहायचे. स्वतः पार्टिशन करायची वेळ आली की डिस्कची यादी समोर येण्याऐवजी माउंट पॉइंटची (कोणतं पार्टिशन कोणत्या फोल्डराच्या जागी जोडायचं त्याची) यादी यायची. ज्यांना 'कोणत्या डिस्कवर काय आहे' हे आधी बघायची सवय, ते तिथेच अडकायचे. पुढे ब्लिव्हेट-जीयूआय हा डिस्ककेंद्री पर्याय जोडला गेला, पण तोवर मत पक्कं झालं होतं.

एप्रिल २०२५ मधल्या फेडोरा ४२ पासून वर्कस्टेशन आवृत्तीत ॲनाकोंडाचा नवा वेब-आधारित चेहरा आला. तो कॉकपिट या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या साधनावर उभा आहे आणि पुन्हा पायरीपायरीनं चालतो. ४३ मध्ये तो इतर डेस्कटॉप स्पिनपर्यंत (वेगळा डेस्कटॉप असलेल्या फेडोराच्या प्रकारांपर्यंत) पोचला. तेव्हा इन्स्टॉलरबद्दलचं मत ४२ च्या आधीचं असेल, तर ते जवळजवळ दुसऱ्याच प्रोग्रामबद्दल आहे असं समजा.

पॅकेज मॅनेजरचंही तसंच. यम या जुन्या पॅकेज मॅनेजरची जागा डीएनएफनं २०१५ मध्ये, फेडोरा २२ पासून घेतली. हा डीएनएफ बराचसा पायथॉनमध्ये लिहिलेला होता, आणि जवळपास सगळ्या जुन्या तक्रारी त्याच्याबद्दलच्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये फेडोरा ४१ बरोबर डीएनएफ५ आला. सी प्लस प्लसमध्ये नव्यानं लिहिलेला, पायथॉनवर न विसंबणारा. तुमच्याकडे कोणता आहे ते 'डीएनएफ डॅश-डॅश व्हर्जन' लिहून कळतं. आवृत्तीचा क्रमांक ५ नं सुरू झाला की तो नवा.

त्याच सुमारास झालेला एक बदल फारसा कोणाच्या लक्षात आला नाही, पण माझ्या मते वेगात पडलेला फरक डीएनएफ५ इतकाच त्याचाही आहे. प्रत्येक रेपोबरोबर एक अवाढव्य फाइल-यादी असते: कोणत्या पॅकेजमध्ये कोणती फाइल आहे, याची. जुना डीएनएफ ती दर वेळी उतरवायचा आणि वाचायचा, गरज असो वा नसो. फेडोरा ४० पासून ती गरज पडली तरच उतरते. कमी रॅमच्या मशीनवर डीएनएफ अर्ध्यात मरायचा, त्यामागे या यादीचा मोठा हात होता.

याच कारणासाठी जुने 'वेग वाढवा' छापाचे सल्ले जपून घ्या. डेल्टा आरपीएम (पूर्ण पॅकेजऐवजी फक्त बदललेला भाग उतरवण्याची सोय) चालू करा, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. फेडोरानं डेल्टा बनवणंच ४० पासून बंद केलं आहे. ती ओळ लिहून काही बिघडत नाही, पण काही होतही नाही.

पायरी २: योग्य आयएसओ निवडा

इन्स्टॉलच्या वेगाचा निम्मा निकाल इथेच लागतो. लाइव्ह आयएसओमधून (पेनड्राइव्हवर लिहून थेट चालवता येणाऱ्या इन्स्टॉल-फाइलमधून) इन्स्टॉल करताना पॅकेजं एकेक करून बसत नाहीत. आत एक तयार, आधीच बसवलेली प्रणाली असते आणि तिची प्रत डिस्कवर उतरते. शेवटी बूटलोडर आणि इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी लागणारी छोटी प्रणाली) तयार झालं की काम संपलं. एव्हरीथिंग नेटवर्क आयएसओचं उलट आहे: प्रत्येक पॅकेज इंटरनेटवरून येतं, उघडलं जातं, त्याच्या स्क्रिप्ट चालतात. सर्व्हरच्या डीव्हीडी आयएसओत पॅकेजं सोबत असतात, म्हणून नेटवर्कचा वेळ वाचतो, पण बसवण्याचा वेळ तसाच राहतो.

म्हणजे नेटवर्क आयएसओनं केलेल्या फेडोराची तुलना कॅलामारेस या इन्स्टॉलरनं केलेल्या मांजारो लिनक्सशी करून 'ॲनाकोंडा संथ' म्हणणं चूक. कॅलामारेसही सहसा तयार प्रतच उतरवतो. डेबियनच्या पारंपरिक इन्स्टॉलरशी तुलना करायची तर मात्र नेटवर्क आयएसओच घ्यावी, कारण तोही पॅकेजं एकेक करून बसवतो.

पहिल्यांदाच फेडोरा घेत असाल तर लाइव्हच घ्या. नेटवर्क आयएसओचा खरा फायदा वेगळा आहे: त्यातून बसवलेली प्रणाली पहिल्या दिवसापासून अद्ययावत असते. लाइव्ह प्रत प्रकाशनाच्या दिवशी गोठलेली असते, त्यामुळे तिच्यात वाचलेला वेळ पहिल्या अपडेटमध्ये काही प्रमाणात परत द्यावा लागतो.

आयएसओ उतरल्यावर तिचा चेकसम तपासा. पेनड्राइव्हवर लिहायला फेडोरा मीडिया रायटर पुरतो. तो उतरवणं, तपासणं, लिहिणं सगळं स्वतः करतो. पेनड्राइव्ह यूएसबी ३ चा आणि पोर्टही ३ चा असू द्या. इन्स्टॉलर अडकून बसतो अशा ज्या तक्रारी असतात, त्यांत जुन्या, कुरकुरणाऱ्या पेनड्राइव्हचा वाटा मोठा असतो, आणि बोल मात्र ॲनाकोंडाला लागतो. फेडोरा ४२ पासून लाइव्ह आयएसओच्या आतली फाइल प्रणाली स्क्वॉशएफएसऐवजी ईआरओएफएस झाली आहे, पण पेनड्राइव्हच मंद असेल तर तिचाही इलाज चालत नाही.

बूट मेनूत 'माध्यम तपासा आणि सुरू करा' अशा अर्थाचा पर्याय दिसेल. ही तपासणी पेनड्राइव्हवर लिहिलेली संपूर्ण आयएसओ वाचते, म्हणून वेळ घेते. पहिल्यांदा ती होऊ द्या. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावताना एस्केप दाबून टाळली तरी चालेल.

पायरी ३: इन्स्टॉल करताना

सुरुवातीला लाइव्ह डेस्कटॉपवरच पाच मिनिटं घालवा. वायफाय जोडून बघा, आवाज ऐका, टचपॅड फिरवा. इथे न चाललेली गोष्ट इन्स्टॉल झाल्यावर आपोआप चालू लागेल अशी आशा ठेवू नका.

विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर तीन गोष्टी विंडोजमध्येच उरकून घ्या. बॅकअप. बिटलॉकरची रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवणं. आणि विंडोजच्याच डिस्क व्यवस्थापनातून पार्टिशन आकसून मोकळी जागा काढणं. फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोज बंद झाल्यासारखं दिसतं पण त्याचं पार्टिशन अर्धवट उघडं राहतं.

नव्या इन्स्टॉलरमध्ये डिस्कच्या पायरीवर तो परिस्थिती बघून पर्याय देतो: पूर्ण डिस्क वापरा, दुसऱ्या प्रणालीशेजारी बसवा, आधीचं फेडोरा असेल तर तेच पुन्हा बसवा, किंवा माउंट पॉइंट तुम्ही ठरवा. 'पुन्हा बसवा' हा पर्याय मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. फेडोरा ३३ पासून डेस्कटॉपवर मूळ फाइल प्रणाली बीटीआरएफएस आहे आणि रूट (प्रणाली) व होम (तुमच्या फाइली) हे तिचे वेगळे सबव्हॉल्यूम, म्हणजे भाग, असतात. त्यामुळे होमला हात न लावता प्रणाली नव्यानं घालता येते. पूर्वी यासाठी स्वतः पार्टिशनच्या पडद्यात शिरावं लागायचं, आणि बऱ्याच जणांचं ॲनाकोंडाबद्दलचं मत तिथेच बिघडायचं.

मेनूतून स्टोरेज एडिटर उघडणार असाल तर सावध. जुन्या ॲनाकोंडात तुम्ही केलेले बदल फक्त नोंदवले जायचे आणि 'इन्स्टॉल सुरू करा' दाबेपर्यंत डिस्कला धक्का लागत नसे. नव्या स्टोरेज एडिटरमध्ये बदल तिथल्या तिथे होतात आणि परतीची वाट नाही. जुन्या सवयीनं 'बघू तर, नंतर रद्द करू' म्हणत पार्टिशन उडवलंत तर ते गेलं. नव्या चेहऱ्यावरचा माझा सगळ्यांत मोठा आक्षेप हाच. इशारा दिलेला असतो. पण घाईत इशारे वाचतं कोण?

स्वॅप पार्टिशन दिसत नाही म्हणून घाबरू नका. फेडोरा ३३ पासून स्वॅप झेडरॅमवर, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेल्या जागेत असतो. लॅपटॉप हायबरनेट करायचाच असेल तर मात्र डिस्कवर स्वॅपची वेगळी सोय करावी लागते.

एनक्रिप्शन हवं की नको ते आत्ताच ठरवा. नंतर घालायचं तर पुन्हा इन्स्टॉल करणं हाच सोपा मार्ग उरतो. अलीकडच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएस या एनक्रिप्शन-पद्धतीसाठी वेगळी सोय असते, तेव्हा त्यामुळे वेग घटेल ही भीती रोजच्या वापरात खरी ठरत नाही.

शेवटच्या पडद्यावर सारांश असतो. बटणावर काय लिहिलंय ते नीट वाचा. डिस्क पुसली जाणार असेल तर ते बटणावरच लिहिलेलं असतं. वर्कस्टेशनमध्ये वापरकर्त्याचं खातं इन्स्टॉलरमध्ये विचारलं जात नाही, ते रीबूटनंतरच्या पहिल्या पडद्यावर तयार होतं. 'पासवर्ड विचारलाच नाही' ही तक्रार इथली.

त्याच पहिल्या पडद्यांमध्ये 'तृतीय पक्षाचे रेपो चालू करा' असं एक बटण येतं. ते लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध आहे.

पायरी ४: वेग मोजा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही, आणि बहुतेक जण तीच गाळतात.

पहिलं अपडेट मोजू नका. त्यात शेकडो पॅकेजं, नवा कर्नल, सगळंच एकदम येतं. ते 'सुडो डीएनएफ अपग्रेड डॅश-डॅश रिफ्रेश' लिहून करून टाका, रीबूट करा आणि काही दिवसांनी, थोडी अपडेटं साचली की मोजायला बसा.

आधी 'सुडो डॅश व्ही' चालवून पासवर्ड देऊन ठेवा, नाहीतर पासवर्ड टाइप करण्यात गेलेला वेळही डीएनएफच्या नावावर चढेल. मग पुढच्या आज्ञा क्रमानं चालवा, प्रत्येकीच्या आधी 'टाइम' हा शब्द लावून.

'सुडो डीएनएफ क्लीन मेटाडेटा' करून मग 'सुडो डीएनएफ मेककॅश'. दुसरीचा वेळ म्हणजे रेपोची यादी उतरवण्याचा वेळ.

'सुडो डीएनएफ अपग्रेड डॅश-डॅश अझ्यूमनो'. ही सगळा हिशेब करून दाखवते आणि स्वतःच 'नाही' म्हणते. इथला वेळ म्हणजे यादी वाचून अवलंबित्वं सोडवण्याचा.

'सुडो डीएनएफ अपग्रेड डॅश-डॅश डाउनलोडओन्ली डॅश वाय'. नाव सांगतंच.

शेवटी नुसतं 'सुडो डीएनएफ अपग्रेड डॅश वाय'. पॅकेजं आधीच उतरलेली असल्यानं उरतो तो फक्त बसवण्याचा वेळ.

टाइम तीन आकडे देतो: रिअल, युझर आणि सिस. रिअल म्हणजे घड्याळाचा वेळ, बाकी दोन प्रोसेसरनं खरोखर घालवलेले. रिअल मोठा आणि युझर छोटा असेल तर मशीन नुसतं थांबून होतं: नेटवर्कसाठी किंवा डिस्कसाठी. युझर जवळपास रिअलइतका असेल तर प्रोसेसर राबत होता. एवढ्या एका फरकावरून निम्मं निदान होतं.

अझ्यूमनो लावलेल्या आज्ञेचा वेळ डीएनएफ५ वर सहसा इतका कमी येतो की लोकांना आश्चर्य वाटतं. अवलंबित्वं सोडवण्याचं काम लिबसॉल्व्ह ही लायब्ररी करते. ती मूळची सुसेची, आणि ओपनसुसेचा झिपरही तीच वापरतो. तेव्हा 'डीएनएफचा हिशेबच संथ आहे' हे मत आकड्यांपुढे क्वचितच टिकतं.

एक बारीक गोष्ट: साध्या वापरकर्त्याचा डीएनएफ साठा (कॅश) आणि रूटचा साठा वेगवेगळे असतात. एक मोजमाप सुडो लावून आणि दुसरं न लावता केलंत तर आकडे जुळणार नाहीत.

पायरी ५: यादीचा वेळ जास्त आला तर

फेडोराच्या अपडेट रेपोची यादी ६ तासांनी शिळी मानली जाते, मूळ रेपोची ७ दिवसांनी. म्हणून सकाळी पहिल्यांदा एखादं छोटंसं साधन बसवायला गेलात की डीएनएफ आधी यादी ताजी करत बसतो आणि तुम्हाला वाटतं, इवल्याशा पॅकेजला इतका वेळ!

एपीटीशी होणारी तुलना इथेच फसते. डेबियन-उबुंटूत यादी ताजी करणं ही वेगळी आज्ञा आहे. ती लोक सकाळी एकदा चालवतात, विसरतात आणि मग 'एपीटी इन्स्टॉल कसं झटकन होतं' म्हणतात. डीएनएफ तेच काम इन्स्टॉलच्या पोटात करतो. तुलना करायचीच असेल तर एपीटीच्या दोन्ही आज्ञांचा वेळ एकत्र धरा.

यादीचा वेळ घटवण्याचा खरा उपाय म्हणजे रेपो कमी करणं. 'डीएनएफ रेपो लिस्ट' लिहून बघा. मघाचं ते तृतीय पक्षाचं बटण दाबलं असेल तर गूगल क्रोम, पायचार्म, स्टीम आणि एनव्हिडियाचे रेपो त्यात दिसतील, मग तुम्ही त्यांतलं काही वापरा वा न वापरा. त्यात कधीतरी जोडलेले कोपर (लोकांनी स्वतः बनवलेल्या पॅकेजांचे रेपो) मिसळतात. प्रत्येक रेपो म्हणजे एक वेगळा सर्व्हर आणि एक वेगळी फेरी. त्यांतला एक जरी मंद असला तरी सगळी आज्ञा त्याच्यासाठी खोळंबते. न लागणारे बंद करा: ईटीसीमधल्या यम डॉट रेपोज डॉट डी या फोल्डरात त्या रेपोच्या फाइलमध्ये 'एनेबल्ड' समोर ० लिहा. कोपरसाठी 'डीएनएफ कोपर डिसेबल' ही सरळ आज्ञा आहे.

दर वेळची वाट टळावी म्हणून पार्श्वभूमीत यादी ताजी करणारा एक टायमरही असतो. 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स' मध्ये मेककॅश नावानं तो दिसतो. इंटरनेट मोजूनमापून वापरावं लागत असेल तर तो बंद केलेला बरा.

ग्राफिकल सॉफ्टवेअर ॲपबद्दल थोडं. त्यामागे पॅकेजकिट असेल तर त्याचा साठा डीएनएफपेक्षा वेगळा असतो. म्हणजे तीच यादी दोनदा उतरते. शिवाय त्या ॲपमध्ये फ्लॅटपॅकही (डीएनएफच्या बाहेरचा वेगळा पॅकेज-प्रकार) मिसळलेले असतात. सॉफ्टवेअर ॲप संथ वाटतंय म्हणून डीएनएफचं सेटिंग बदलणं म्हणजे भलतीच वायर ओढणं आहे.

पायरी ६: डाउनलोडचा वेळ जास्त आला तर

ईटीसीमधल्या डीएनएफ फोल्डरात डीएनएफ डॉट कॉन्फ ही फाइल उघडा. चौकटी कंसातल्या 'मेन' या शीर्षकाखाली ओळी लिहायच्या.

'मॅक्स पॅरलल डाउनलोड्स', शब्दांमध्ये अंडरस्कोर. मूळ किंमत ३, कमाल २०. मी १० ठेवायला सांगेन. छोटी छोटी पॅकेजं पुष्कळ असतील तेव्हा याचा परिणाम ठळक दिसतो, कारण प्रत्येक फाइलसाठी नव्यानं बोलणी करण्यात वेळ जातो. एकच भलंमोठं पॅकेज असेल तर काहीच फरक नाही. थेट २० करण्यात मजा नाही. एकाच पत्त्यावरून येणाऱ्या जोडण्यांवर काही मिरर (रेपोच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) मर्यादा घालतात आणि मग चुकांचे संदेश येऊ लागतात.

'फास्टेस्टमिरर', हा सलग एकच शब्द. वेगाच्या प्रत्येक सल्ल्यात ही ओळ असते, आणि बहुतेक ठिकाणी ती न लिहिलेलीच बरी. नाव काहीही असो, हे सेटिंग मिररचा डाउनलोडचा वेग मोजत नाही. कोणता मिरर जोडणीला किती चटकन उत्तर देतो, एवढंच बघतं. झटकन 'हो' म्हणणारा मिरर फाइल देताना रडू शकतो. फेडोराची मिरर-व्यवस्था तुमचं ठिकाण बघून क्रम आधीच लावून देते. ती चुकीचा मिरर पुढे करतेय असं मोजून दिसलं तरच हे चालू करा, पुन्हा मोजा, आणि आकडा सुधारला नाही तर ओळ काढून टाका.

ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही ते सेटिंग म्हणजे 'मिनरेट'. डाउनलोड सेकंदाला किती बाइटच्या खाली गेलं की डीएनएफनं मिररचा नाद सोडावा, हे त्यात असतं. मूळ किंमत आहे १०००. म्हणजे सेकंदाला जेमतेम १ किलोबाइट देणारा मरतुकडा मिररही 'चालू' समजला जातो. जोडीला 'टाइमआउट' आहे, मूळ किंमत ३० सेकंद. डाउनलोड मध्येच एका पॅकेजवर रेंगाळत राहतं ही तक्रार असेल तर मिनरेट ५०००० सारखा वर न्या. तुमचं स्वतःचंच इंटरनेट अधूनमधून तेवढं खाली जात असेल तर मात्र हे करू नका, चांगले मिररही एकामागून एक बाद होतील.

'इन्स्टॉल वीक डेप्स' (सक्तीची नसलेली जोडपॅकेजंही बसवण्याचं सेटिंग) बंद करून पॅकेजांची संख्या घटवा, असंही सुचवलं जातं. संख्या घटते हे खरं. पण मग ॲप बसतं आणि त्याचं एखादं अंग गायब असतं, आणि ते का गायब आहे हे शोधण्यात वाचलेल्या वेळाच्या कितीतरी पट वेळ जातो. सर्व्हरवर किंवा कंटेनरमध्ये ठीक, डेस्कटॉपवर नको.

पायरी ७: बसवण्याचा वेळ जास्त आला तर

इथे डीएनएफच्या हातात फारसं काही नसतं. काम आरपीएम, म्हणजे डीएनएफच्या खाली पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारं साधन, करत असतो: सह्या तपासणं, फाइली उघडणं, जुन्या काढणं, प्रत्येक पॅकेजच्या स्क्रिप्ट चालवणं. फेडोरा ३१ पासून पॅकेजं झेडस्टँडर्डनं दाबलेली असतात. ती पूर्वीच्या एक्सझेडपेक्षा खूपच चटकन उघडतात, म्हणून उघडण्याचा वेळ आता सहसा अडचण ठरत नाही.

अडचण ठरतात त्या स्क्रिप्ट. कर्नल आला की ड्रॅकट नवं इनिटरॅमएफएस बनवतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर एकेमॉड्सनं बसवलेला असेल तर त्याचं मॉड्यूल तुमच्याच मशीनवर कंपाइल होतं. एसइलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेचं धोरण बदललं की ते पुन्हा रचलं जातं, आणि तेवढा वेळ पडद्यावर एकच ओळ गोठल्यासारखी दिसते. या तिन्ही वेळी कंट्रोल-सी दाबण्याचा मोह आवरा. मध्येच तोडलेला व्यवहार निस्तरायला लागणारा वेळ कोणत्याच मोजमापात धरलेला नसतो.

फिरती हार्ड डिस्क असेल तर उपाय एकच, एसएसडी. डिस्कवर लिहिल्याची खात्री करण्याचं पाऊल वगळणाऱ्या युक्त्या सुचवल्या जातात. वीज गेली तर पॅकेजांची नोंदवहीच बिघडते, म्हणून टाकाऊ व्हर्च्युअल मशीन सोडून कुठेही त्या वापरू नका.

पायरी ८: इतरांशी तुलना करायचीच असेल तर

आर्चचा पॅकमॅन वेगवान आहे, यात वाद नाही. त्याची रेपो-यादी छोटी असते, अवलंबित्वांचा हिशेब साधा असतो आणि बसवतानाची जास्तीची कामं कमी असतात. त्या बदल्यात अर्धवट अपडेट चालत नाही. अपडेट करायचं तर सगळंच. अल्पाइनचा एपीके याहून चपळ, पण त्याची पॅकेजंही मुळात सडपातळ. झिपरबद्दलची जुनी तक्रार एकामागून एक डाउनलोड होण्याची होती, आणि ओपनसुसेनं २०२५ मध्ये समांतर डाउनलोड आणून तिच्यावर काम सुरू केलं. लीप १६ मध्ये यास्टच्या जागी अगामा हा नवा इन्स्टॉलर आल्यामुळे ओपनसुसेबद्दलची इन्स्टॉलरविषयक मतंही आता तारीख बघूनच घ्यावी लागतात.

सिल्व्हरब्लूसारख्या ॲटॉमिक आवृत्त्यांना या तुलनेत ओढू नका. तिथे एखादं आरपीएम पॅकेज वरून जोडायचं तर प्रणालीची नवी प्रतच रचली जाते. तिला वेळ लागणारच, आणि हवी तेव्हा जुन्या प्रतीवर परत जाता येतं ती सोय त्याच वेळातून येते.

पायरी ९: आवृत्ती बदलताना

फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर ६ महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सुमारे १३ महिने आधार मिळतो. म्हणजे वर्षातून एकदा तरी ही मोठी उडी ठरलेली आहे. आधी सध्याची आवृत्ती पूर्ण अद्ययावत करून रीबूट करा. कोपर आणि बाहेरच्या रेपोंना नव्या आवृत्तीसाठी पॅकेजं आली आहेत का ते बघा. उडी अडते ती बहुधा तिथेच. मग 'सुडो डीएनएफ सिस्टिम-अपग्रेड डाउनलोड डॅश-डॅश रिलीजव्हर' आणि पुढे बरोबरचं चिन्ह व नवा क्रमांक. हे डाउनलोड चालू असताना तुमचं काम खुशाल सुरू ठेवा. संपल्यावर 'सुडो डीएनएफ ऑफलाइन रीबूट'.

रीबूटनंतरच्या टप्प्यात नेटवर्कचा काही संबंध उरत नाही, मिररचाही नाही. जो वेळ लागतो तो निव्वळ तुमच्या डिस्कचा, प्रोसेसरचा आणि आरपीएमच्या स्क्रिप्टांचा. दोन मशीनची तुलना करायला याहून स्वच्छ मोजमाप मिळत नाही, म्हणून सुरुवात आणि शेवट दोन्ही वेळी घड्याळ बघून ठेवा. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ अडली तर पॉवर बटणाकडे हात नेऊ नका, एस्केप दाबून आत कोणतं पॅकेज चाललंय ते बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेलाच असू द्या. आणि सगळं आटोपल्यावर मध्ये काय घडलं ते तपासायचं असेल तर 'डीएनएफ ऑफलाइन लॉग' मध्ये ती सगळी नोंद मिळते.